एका विषयाची दोन पुस्तके

साहित्यप्रकार : अर्थ आणि उपयोग

साहित्यप्रकार हा लेखक आणि वाचक यांच्यातला न लिहिलेला करार असतो. आत्मकथन हाती घेताना सांगितलेले प्रत्यक्ष घडले आहे, असे वाचक धरून चालतो. कादंबरीकडून तो ही अपेक्षा ठेवत नाही, पण घटनांना आतून काही संगती असावी असे त्याला वाटते. विनोदी लेखनात अतिशयोक्ती खपते, माहितीपर ग्रंथात ती दोष ठरते. या कराराचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. त्याच्या आधारे ग्रंथपाल कपाटे लावतो, प्रकाशक जाहिरात करतो, पुरस्कार समित्या विभाग पाडतात आणि अभ्यासक्रम ठरतात. अडचण अशी की, मराठीतली बरीचशी उत्तम पुस्तके या कपाटांत नीट बसत नाहीत. ‘श्यामची आई’ बालवाङ्मयात ठेवावी की आत्मकथनात, याचे उत्तर ग्रंथालयागणिक बदलते.

शिफारस कशी चालते

मराठी वाचकापर्यंत पुस्तक पोचण्याचा मार्ग बराच काळ नियतकालिकांमधून गेला. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून हरी नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या क्रमशः आल्या. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला आणि त्या प्रथेने पुढची शंभर वर्षे कथेला, कवितेला, प्रवासवर्णनाला हक्काची जागा दिली. ‘ललित’ मासिकाने ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या उपक्रमातून वाचकाच्या आवडीलाच छापील प्रतिष्ठा मिळवून दिली. याखेरीज वाचनालयातली खिडकी होतीच. परत आलेले पुस्तक पाहायचे आणि त्याच जातीचे दुसरे पुढे सरकवायचे, ही ग्रंथपालाची जुनी रीत. ती सोयीची आहे, पण तिच्यामुळे वाचक वर्षानुवर्षे एकाच कपाटापुढे उभा राहतो. एक ऐतिहासिक कादंबरी संपली की दुसरी ऐतिहासिक कादंबरी. प्रस्तुत शिफारशीत रीत बदलली आहे. विषय एक, प्रकार दोन, आणि पुस्तके शेजारी शेजारी. एकाने गाळलेले दुसऱ्यात सापडते आणि प्रत्येक प्रकाराची ताकद व मर्यादा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

माहितीपर ग्रंथ : ‘गाव-गाडा’

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. मराठी गावाची रचना, वतने, बलुतेदार-अलुतेदार, त्यांची कामे आणि त्या कामांचा मोबदला यांचा हा पहिल्या प्रतीचा आलेख आहे. सरकारी नोकरीत गावोगाव फिरताना जे दिसले ते आत्रे यांनी प्रकरणवार मांडले. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्ती, या भेदापासून विवेचन सुरू होते. मग कारू-नारू, म्हणजे बलुतेदार-अलुतेदार, येतात, फिरस्ते येतात आणि खळ्यावर धान्याची रास पडल्यावर कोणाचा किती वाटा निघतो याचा हिशेब येतो. भाषा ठसकेबाज आहे; म्हणी आणि गावरान शब्द यांची तर खाणच. त्या काळच्या शेतीव्यवहारातले अनेक शब्द आज कोशापेक्षा या पुस्तकात अधिक जिवंत सापडतात.

मर्यादाही तितकीच ठळक आहे. आत्रे यांची सहानुभूती कुणब्याकडे आहे. खळ्यावर हक्क सांगणारा प्रत्येक जण त्यांना कुणब्यावरचा भार वाटतो. भटक्या जमातींबद्दल ते अधिकाऱ्याच्या संशयी नजरेने लिहितात. ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तकही त्यांचेच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि तो कायदा १९५२ पर्यंत टिकला. त्या काळातल्या सुशिक्षित, प्रामाणिक आणि अभ्यासू अधिकाऱ्यालाही तो शिक्का स्वाभाविक वाटत होता, हे ‘गाव-गाडा’ वाचताना ध्यानात येते. म्हणून हे पुस्तक एकटे वाचू नये.

आत्मकथन : खळ्याची दुसरी बाजू

‘गाव-गाडा’शेजारी ठेवण्याचे पुस्तक म्हणजे दया पवार यांचे ‘बलुतं’. ‘ग्रंथाली’ने ते १९७८ साली प्रसिद्ध केले आणि मराठी दलित आत्मकथनांची वाट मोकळी झाली. आत्रे ज्या व्यवस्थेचे कोष्टक मांडतात तिच्यात तळाशी जन्मलेला मुलगा येथे बोलतो. सरकारी निरोप पोचवणे, मयताची खबर घेऊन गावोगाव जाणे, मेलेली जनावरे ओढणे, आणि त्या बदल्यात खळ्यावर हात पसरणे. कोष्टकातली ओळ येथे माणसाच्या तोंडून ऐकू येते. पवार यांनी केलेली रचना साधी दिसते, पण फार विचारपूर्वक केलेली आहे. शिकून नोकरीला लागलेला, पांढरपेशा झालेला लेखक आणि गावातला दगडू मारुती पवार ही एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर बसतात आणि एक दुसऱ्याला आपली कहाणी सांगतो. त्यामुळे आत्मकथनाचा नेहमीचा धोका, म्हणजे निवेदकाने स्वतःला निर्दोष ठरवत जाणे, बऱ्याच अंशी टळतो. मुंबईतला कावाखाना, तिथल्या खोल्या, तिथले नातेवाईक यांची वर्णने सुशोभित नाहीत. लेखक स्वतःच्या भित्रेपणाचीही झाडाझडती घेतो.

याच मांडणीत १९८० चे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि १९८७ चे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ येतात. ज्यांच्याविषयी आत्रे यांनी बाहेरून लिहिले, त्या समाजांतून आलेल्या लेखकांनी आतून दिलेली ही उत्तरे आहेत, जरी ती आत्रे यांना उद्देशून लिहिलेली नसली तरी. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाले. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूप झाले. त्याचे वेगळेपण असे की निवेदन ‘मी’पेक्षा ‘आम्ही’चे अधिक आहे. सासुरवास, बाळंतपण, उपासमार, आषाढातले देवकार्य ही एका बाईची हकीकत राहत नाही. वस्तीचे जगणे होते. बेबीताई फलटणला छोटे किराणा दुकान चालवत. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या आधी वाचून काढत आणि घरच्यांपासून लपवून वह्या लिहीत. समाजशास्त्राच्या पुस्तकात अशा लेखनाला ‘साधन’ म्हणतात. ते साधन आहेच, पण त्याच्या वाक्यरचनेतला जोर पाहता त्याला निव्वळ साधन म्हणणे अन्यायाचे ठरेल.

स्त्रीचा आवाज : कादंबरीत आणि आठवणीत

हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ या कादंबरीचा घाट आत्मचरित्राचा आहे. यमू आपले बालपण, लग्न, वैधव्य आणि बळजबरीने झालेले केशवपन स्वतः सांगते. पुरुष लेखकाने बाईच्या तोंडची घरगुती मराठी इतकी अचूक पकडावी, ही १८९० च्या सुमाराची मोठी कामगिरी होती. मात्र यमूला दुःखापलीकडे फारसे आयुष्य मिळत नाही. सुधारणेचा युक्तिवाद पुरा करण्यासाठी तिला सोसावे लागते.

लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आली. त्यांनी भोगलेले यमूपेक्षा कमी नव्हते. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ताटातुटीच्या काळात त्यांनी विधवा नसतानाही विधवेसारखी अवहेलना सोसली आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्याही ख्रिस्ती झाल्या. पण निवेदनात करुणेची मागणी नाही. सोवळ्याने झपाटलेले वडील, हातातले पैसे वाटून मोकळे होणारे नवरोजी, घरी राहायला आलेला ठोंबरे नावाचा मुलगा, म्हणजे पुढचे बालकवी, या सर्वांकडे लक्ष्मीबाई एकाच मिश्कील नजरेने पाहतात आणि त्या नजरेतून स्वतःला वगळत नाहीत. प्रसंग रंगात आला की त्या थांबतात. तात्पर्य काढण्याचा मोह त्यांना होत नाही. मराठी गद्यातले एकच पुस्तक निवडायचे झाल्यास निवड याच पुस्तकाची करावी लागेल. कादंबरी, नाटक, चरित्र आणि सामाजिक इतिहास या चारही प्रकारांना जे साधायचे असते, ते येथे फारसा गाजावाजा न करता साधलेले आहे.

या दोहोंच्या आधीचे तिसरे पुस्तक आकाराने लहान, पण धारदार आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला आणि वृत्तपत्रांतून सबंध स्त्रीजातीवर झोड उठली. त्या संतापातून हा निबंध लिहिला गेला. युक्तिवादाची पद्धत अशी : स्त्रियांना चिकटवलेले दुर्गुण एकेक घ्यायचे आणि ते पुरुषांत किती पटीने आहेत हे दाखवायचे. कादंबरीला जे सूचित करावे लागते ते निबंध सरळ म्हणतो.

प्रवासवर्णन : दक्षिणेच्या आशेने निघालेला भिक्षुक

मराठी प्रवासवर्णन म्हटले की पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ आठवते आणि ते योग्यच आहे. १९६० च्या आसपासच्या मध्यमवर्गीय मराठी माणसाने विलायत कशी पाहिली, याचा तो प्रसन्न दस्तऐवज आहे. पण या प्रकारातली पहिली शिफारस विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक, घरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेतल्या मोठ्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर निघाला आणि थेट १८५७ च्या उठावात सापडला. झाशीच्या वेढ्याच्या वेळी तो शहरात होता. कत्तल, लूट, पाण्याची तगमग आणि झाशीच्या ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण त्याने पाहिली. पोथ्यांवर जगणाऱ्या माणसाला त्या नासाडीचे किती वाटले असेल, हे त्याच्या वर्णनात कळते. कमावलेला पैसा लुटला गेला. खांद्यावरची गंगेची कावड मात्र त्याने घरी आणली.

पुस्तकाचे मोल त्याच्या नजरेच्या उंचीत आहे. सेनापती, रणनीती, राजकारण गोडसे यांना दुरून दिसते. जवळून दिसते ते भोजन, दक्षिणा, मुक्काम आणि जीव वाचवण्याची धडपड. इतिहासग्रंथ नेमके हेच वगळतात. उलट तारखा आणि ऐकीव घटना यांच्या बाबतीत त्याच्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही, कारण हकीकत बऱ्याच वर्षांनी आठवून लिहिलेली आहे. सत्तावन्नवरचा एखादा शिस्तशीर इतिहास सोबत असला की ही उणीव भरून निघते.

कादंबरी : व्यक्तिचित्रातून वाढलेली ‘बनगरवाडी’

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या लहानशा वाडीवर एक तरुण मास्तर येतो. शाळा आहे, मुले नाहीत. मुले मेंढरांमागे जातात. हळूहळू मास्तर वाडीचा पत्रलेखक, पंच, सल्लागार आणि शहरातून वस्तू आणून देणारा माणूस होतो. कारभाऱ्याची मुलगी अंजी चोळी शिवून आणायला सांगते, एवढ्या क्षुल्लक कामावरून कारभाऱ्याच्या मनात किल्मिष येते आणि वाडीतले मास्तरचे सगळे स्थान डळमळते. माडगूळकरांची पद्धत येथे पुरेशी दिसते : मोठा प्रसंग टाळायचा, लहान वस्तूवर सगळा ताण टाकायचा. वाडी एकजुटीने तालीम बांधते. मग दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. प्रस्तावना, निष्कर्ष, लेखकाचे भाष्य, काही नाही.

या कादंबरीची जोडी त्याच लेखकाच्या १९४९ च्या ‘माणदेशी माणसं’ या व्यक्तिचित्रसंग्रहाशी लावावी. भूमी तीच, माणसे त्याच जातकुळीची. व्यक्तिचित्रात एक माणूस उभा राहतो आणि लेखक बाजूला होतो; कादंबरीत त्या माणसांचे एकमेकांशी व्यवहार सुरू होतात, आणि व्यवहारातून वाडी नावाचे एक सामूहिक पात्र तयार होते. एका प्रकारातून दुसरा कसा वाढतो, हे शिकवण्यासाठी यापेक्षा सोयीचे उदाहरण मराठीत नाही.

कादंबरी : शहर, जहाज आणि वसतिगृह

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ ची, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटले त्याच वर्षाची. युरोप सोडून निघालेल्या जहाजावर चक्रधर हा मराठी तरुण आणि हेर्टा ही जर्मनीतून हद्दपार झालेली ज्यू तरुणी भेटतात. मराठी कादंबरी त्या काळी बहुतेक घराच्या चौकटीत वावरत होती. येथे तिला एकदम जगाच्या राजकारणाचा चटका बसतो. पुस्तक अवघे शंभर-सव्वाशे पानांचे, आणि बेडेकरांनी दुसरी कादंबरी लिहिली नाही. त्यांचे आत्मचरित्र ‘एक झाड आणि दोन पक्षी’ पुढे साहित्य अकादमीने गौरवले. कादंबरीत जो तटस्थपणा चक्रधराचा दोष ठरतो, तोच आत्मचरित्रात लेखकाने स्वतःकडे वळवलेला आहे. त्यांच्या पत्नी मालतीबाई, म्हणजेच विभावरी शिरूरकर. त्यांच्या १९३३ च्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने शिकलेल्या, मिळवत्या मुलींची घुसमट प्रथमच उघड केली आणि टोपणनावामागे कोण याची चर्चा बराच काळ रंगली.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली ‘देशमुख आणि कंपनी’ने छापली. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर नापास होऊन गावी परततो, एवढेच कथानक. पण निवेदनात रोजनिशी घुसते, इतिहासलेखनाचे विडंबन घुसते, आणि उपहासाच्या या सगळ्या कवचाला धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पाने आरपार भेदतात. ही कादंबरी विशीत वाचलेल्यांची तिच्यावर निष्ठा असते. चाळिशीत प्रथम वाचणाऱ्याला तिच्यातला काही भाग लांबलेला वाटू शकतो. दोन्ही मते रास्त आहेत. सोबत उद्धव शेळके यांची १९६० ची ‘धग’ घ्यावी. वऱ्हाडी बोलीतले संवाद, एका शिंपी कुटुंबाची उतरती कळा आणि अखेरपर्यंत झगडणारी कौतिक. ‘कोसला’च्या गोंगाटात या कादंबरीला मिळायला हवी तेवढी कीर्ती मिळाली नाही.

पौराणिक आणि ऐतिहासिक : कर्णाची दोन रूपे

१९६७ साली मराठीत महाभारतावर दोन पुस्तके आली. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी कर्णाचे आयुष्य अनेकांच्या मुखांतून सांगते. कर्ण स्वतः, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. प्रत्येक निवेदकाची बाजू वेगळी, पण भाषेचा डौल सर्वांचा सारखाच, हा तिचा दोष. वाचकाला वीराच्या बाजूने उभे करण्याची तिची ताकद मात्र निर्विवाद आहे. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ नेमके उलटे करते. मानवशास्त्रज्ञाच्या शिस्तीने, भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन, महाभारतातल्या व्यक्तींना त्यांच्या काळाच्या नातेसंबंधांत आणि समाजनियमांत ठेवून तपासणे ही त्याची पद्धत. तेथे कर्ण हा अन्यायग्रस्त महानायक राहत नाही. आपण कोण याच एका प्रश्नाने ग्रासलेला आणि त्यामुळे वेळोवेळी चुकणारा माणूस होतो. एकाच वर्षातली ही दोन पुस्तके एकामागून एक वाचली की पौराणिक कादंबरी काय मिळवते आणि काय सोडते, याचा हिशेब पुरा होतो. क्रम मात्र आधी ‘मृत्युंजय’, मग ‘युगान्त’ असाच असावा. उलट क्रमाने कादंबरीचा रंग उडतो.

रणजित देसाई यांच्या १९६२ च्या ‘स्वामी’ने ऐतिहासिक कादंबरीला लोकप्रियता दिली. माधवराव पेशव्यांची कारकीर्द तिच्यात राजकारणापेक्षा दांपत्यजीवनाच्या अंगाने येते. गो. स. सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासती’तला तोच कालखंड सोबत असावा.

कथा, विज्ञानकथा आणि रहस्य

जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांची सुरुवात ‘काजळमाया’पासून करावी. १९७२ च्या या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि प्रकाशनवर्षाच्या वादामुळे तो त्यांनी परत केला. धारवाडसारख्या सीमाभागातल्या गावात राहून, साहित्यिक सभासंमेलनांपासून दूर राहून त्यांनी लिहिले. एका बैठकीत एकच कथा वाचावी. सलग वाचनात नियतीचा तोच काळा रंग डोळ्यांवर येतो.

विज्ञानकथेचा करार वेगळा आहे. एक वैज्ञानिक शक्यता खरी मानायची आणि तिचे परिणाम तर्काने गाठत जायचे. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. पुढे १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला. कथा म्हणून पाहता त्यांतली माणसे सपाट आहेत. कल्पना मात्र पक्क्या भौतिकशास्त्रावर उभ्या आहेत. त्यांचेच ‘आकाशाशी जडले नाते’ हे खगोलशास्त्रावरचे पुस्तक जवळ ठेवले, तर कथेतला विज्ञानाचा भाग कुठे संपतो आणि कल्पनेचा कुठे सुरू होतो, हे स्वतःला तपासता येते.

रहस्य आणि भय यांच्याकडे समीक्षेने पाठ फिरवली, वाचकांनी नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारने वाचनाची गोडी लावलेल्या पिढ्या आहेत. नारायण धारपांच्या भयकथांत वाडे, तळघरे, परसदारची विहीर असा परिचित परिसरच भीतीचे कारण होतो. परकीय कथाबीजे अशा घरगुती भूमीत रुजवण्याचे त्यांचे कसब अभ्यासण्याजोगे आहे.

विनोद

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’पासून मराठी विनोदी गद्याची परंपरा मोजतात, पण आजच्या वाचकाने चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावापासून सुरुवात करावी. पाली भाषेच्या या पंडिताने लिहिलेला विनोद कोटीवर नव्हे, प्रसंगावर उभा आहे. भित्रा, कुटुंबवत्सल चिमणराव आणि दांडगा गुंड्याभाऊ यांची जोडी अजून शिळी झालेली नाही. पु. ल. देशपांडे यांची १९५८ ची ‘बटाट्याची चाळ’ यानंतर घ्यावी. चाळकऱ्यांच्या खटाटोपांवर हसत असताना शेवटच्या चिंतनात सूर बदलतो आणि मुंबईतल्या एका जीवनपद्धतीचा अस्त समोर येतो. गिरणगाव-गिरगावाचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला हे पुस्तक टाळता येणार नाही.

ललितगद्य आणि निसर्ग

दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्याला एकेक लेख. झाडाची पालवी कोणत्या रंगाने सुरू होते आणि कोणत्या रंगाला जाते, मोहोर कधी गळतो, ढगांची ठेवण कशी बदलते, याची निरीक्षणे मुंबईसारख्या शहरात राहूनही इतकी बारीक आहेत की वर्षभर तो तो लेख त्या त्या महिन्यात वाचण्याची रीत काही घरांत आहे. संस्कृत काव्य आणि लोककथा यांचे संदर्भ मध्येच येतात, पण डोळा झाडावरून हटत नाही. जोडीला मारुती चितमपल्ली यांची ‘रानवाटा’. ते वनाधिकारी. विदर्भातल्या रानांत, आदिवासींच्या सोबतीने त्यांनी पक्षी, प्राणी आणि त्यांची स्थानिक नावे गोळा केली. दुर्गाबाई झाडाचा रंग देतात, चितमपल्ली रानाचा वास देतात. माहितीची काटेकोर पडताळणी करणाऱ्या आजच्या पक्षिनिरीक्षकाला चितमपल्लींची काही विधाने लोकश्रद्धेच्या जवळची वाटतात, हेही नोंदवावे लागते.

कविता आणि नाटक

कवितासंग्रहाची शिफारस संपूर्ण पुस्तक म्हणून करणे कठीण, तरी तीन नावे निर्विवाद. बा. सी. मर्ढेकर यांचा १९४७ चा ‘काही कविता’, ज्यावर अश्लीलतेचा खटला झाला. नामदेव ढसाळ यांचा १९७२ चा ‘गोलपिठा’, ज्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. आणि १९५२ ची ‘बहिणाबाईंची गाणी’. पहिल्या दोहोंत मुंबई आहे. मर्ढेकरांना ती यंत्राने पिळलेली दिसते, ढसाळ तिच्या वेश्यावस्तीतूनच बोलतात. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जळगावकडच्या शेतात आणि जात्यावर रचलेली गाणी मुलगा सोपानदेव यांनी उतरून ठेवली आणि त्या गेल्यानंतर ती प्रकाशात आली. लेवा गणबोलीची पहिल्या पानाला अडचण वाटते, चौथ्या पानाला वाटत नाही.

नाटक वाचण्याची सवय मराठीत कमी झाली आहे. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ त्यासाठी उत्तम. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचा वाडा, दिवसपाण्यासाठी जमलेले कुटुंब, दागिन्यांचा प्रश्न. ‘धग’ त्याच प्रदेशाची तळाकडची बाजू दाखवते, हे नाटक माथ्याकडची.

बालवाचन

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. रचना रात्रींची आहे, प्रत्येक रात्री एक गोष्ट. आजच्या ज्या मुलाला तिच्यातले अश्रू जड जातात, त्याने भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आधी वाचावा आणि श्यामकडे मागाहून यावे. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवरून संकटात घुसणारा बनेश फेणे उपदेश करत नाही.

आवृत्ती आणि उपलब्धता

जुन्या पुस्तकांच्या शिफारशीत आवृत्ती सांगणे आवश्यक असते. ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केले ते बदल करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ पुढे दत्तो वामन पोतदार यांनी संपादित केला. गोडसे यांची खरी भाषा हवी असेल तर दुसरा पाठ मिळवावा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनावरचा हक्क संपतो. त्यामुळे हरिभाऊ, लक्ष्मीबाई, आत्रे यांची पुस्तके कोणालाही छापता येतात आणि १९५० साली निधन पावलेल्या साने गुरुजींची पुस्तके २०११ पासून मुक्त झाली. परिणाम दुहेरी आहे. ‘श्यामची आई’ स्वस्तात सर्वत्र मिळते, पण संक्षिप्त आणि बेपर्वाईने जुळवलेल्या प्रतीही तितक्याच विकल्या जातात. मुखपृष्ठापेक्षा रात्रींची संख्या मोजणे अधिक भरवशाचे, ती बेचाळीस असली पाहिजे. उलट ज्यांचे हक्क शाबूत आहेत पण मागणी मंद आहे अशी पुस्तके दुकानातून लवकर नाहीशी होतात. त्यांच्यासाठी गावातले ‘अ’ वर्ग ग्रंथालय, पुण्याचे नगर वाचन मंदिर किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांची सूची पाहणे हाच खात्रीचा मार्ग.